डांबर संपतं तिथून पुढे

दुष्काळी मुलखात मदतीला गेलेल्या पथकाचा पहिला निर्णय कोणता? किती धान्य लागेल, किती टँकर, किती रोख रक्कम, असं कुणीही सांगेल. पण त्याआधीच एक निर्णय होऊन गेलेला असतो आणि त्याची कुठल्याही अहवालात नोंद नसते. सकाळी गाडी सुरू करताना चालक विचारतो, ‘कुठून घेऊ?’ आणि पथकप्रमुख म्हणतो, ‘दिवसात जास्तीत जास्त गावं होतील असं घे.’ झालं. जिथं गाडीरस्ता नाही, ज्या नदीपात्रापलीकडे आहेत, जिथं जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, त्या सगळ्या वस्त्या या एका वाक्यानं यादीबाहेर गेल्या. पुढं कितीही काटेकोर तक्ते भरले, तरी ते उरलेल्या गावांचेच तक्ते असतात.

पाहणीचा मार्ग हा मदतवाटपाचाच भाग आहे. म्हणून धान्याच्या साठ्याचा हिशेब जसा आधी आणि कागदावर होतो, तसाच मार्गाचाही झाला पाहिजे. एवढं साधं म्हणणं मांडायला लेख कशाला, असं वाटेल. पण हे क्वचितच होतं, आणि न होण्याची किंमत मोठी आहे.

ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकात हा दोष नेमका मांडला होता. बाहेरून आलेला माणूस डांबरी रस्त्याच्या कडेची गावं पाहतो. गावात गेल्यावर त्याच्याशी पुढारी बोलतात, पुरुष बोलतात, आधीच कुठल्या ना कुठल्या योजनेत असलेली माणसं बोलतात. जी अंथरुणाला खिळली आहेत, गाव सोडून गेली आहेत किंवा मेली आहेत, त्यांची बाजू कुणी सांगत नाही. शिवाय तो येतो तेही रस्ते कोरडे असताना. या मांडणीला चाळीस वर्षं झाली. दरम्यान उपग्रहांची चित्रं आली, मोबाइल आले, टॅबलेटवर भरायचे फॉर्म आले; गाडीचा मार्ग तोच राहिला. टॅबलेटनं तर एक गोष्ट बिघडवलीच. पूर्वी तुटपुंजी माहिती कागदावर तुटपुंजीच दिसायची, आता ती रंगीत नकाशात भरगच्च दिसते.

दुष्काळात हा दोष नेहमीपेक्षा महाग पडतो. रस्त्याकडेच्या गावात पीक गेलं तरी तिथं टँकर पोचतो, व्यापारी पोचतो आणि मजुरीसाठी बाहेर पडायला वाहन मिळतं. आतल्या वस्तीत पीक तेवढंच गेलेलं असतं, पण यातलं काहीच नसतं. अमर्त्य सेन यांनी इथिओपियाच्या वोल्लो प्रांतातल्या १९७३ च्या दुष्काळाबद्दल हेच दाखवून दिलं. देशातलं एकूण धान्य फारसं घटलं नव्हतं. वोल्लोतल्या लोकांची ते घेण्याची ऐपत संपली होती, आणि काही धान्य तर तिथून बाहेर जात होतं. म्हणून करपलेल्या शेताचे फोटो काढून फारसं काही कळत नाही. एका शेळीच्या पैशात आज किती किलो धान्य येतं आणि गेल्या वर्षी याच महिन्यात किती येत होतं, हे विचारलं की बरंच कळतं. तेही दोन ठिकाणी विचारावं लागतं: मोठ्या बाजारात आणि आतल्या वस्तीवर. आत व्यापारी दारात येऊन जनावर पाडून मागतो आणि धान्य वाहतुकीसकट चढ्या भावानं विकतो. बाजारातला आकडा बरा दिसतो म्हणून आतलाही बरा असेल, असं धरणं ही नेहमीची चूक आहे.

मग मार्ग ठरवायचा कसा? सरकारी यादीपासून सुरुवात करावी, पण तिच्यावर थांबू नये. यादीत गाव असतं, त्याच्या वाड्या नसतात. पशुपालकांचे तळ तर कधीच नसतात. उपग्रहाच्या चित्रावर घरांचे पुंजके मोजून यादीत भर घालावी. मग सगळ्या वस्त्यांचे तीन गट पाडावेत, आणि ते किलोमीटरवर नव्हे, बारमाही रस्त्यापासून पोचायला लागणाऱ्या वेळेवर: तासाच्या आत, एक ते तीन तास, तीन तासांहून जास्त. प्रत्येक गटातून लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून गावं काढावीत. एक अट मात्र पाळावी: तिसऱ्या गटात लोक कमी असले तरी पाहणीच्या दिवसांपैकी निदान एकतृतीयांश दिवस त्या गटासाठी राखावेत. चिठ्ठीत निघालेलं गाव ‘रस्ता खराब आहे’ म्हणून बदलायचं नाही. तिथं खरोखर पोचता आलंच नाही, तर कारणासकट तशी नोंद करायची. गाव बदललं की तीच चूक मागच्या दारानं आत येते.

गावात पोचल्यावरही हाच खेळ लहान प्रमाणात चालतो. मध्यभागी उभं राहून पेन फिरवायचं, टोक जिकडं वळेल तिकडं चालत जायचं आणि त्या दिशेतलं घर निवडायचं, ही जुनी पद्धत अजून वापरली जाते. ती दिसायला निःपक्षपाती आहे. पण चौकाजवळच्या घरांना निवडलं जाण्याची संधी तिच्यात जास्त मिळते, कारण मध्यापासून दूर जावं तशी एकाच दिशेत घरं वाढत जातात आणि त्यातल्या एकेकाची पाळी येणं अवघड होतं. गावाच्या कडेला कोण राहतं, हे सांगायची गरज नाही. गाव लहान असेल तर सगळ्या घरांना खडूनं क्रमांक घालून चिठ्ठी टाकावी. मोठं असेल तर भाग पाडून एक भाग निवडावा आणि त्या भागातली घरं मोजावीत. त्याला दीड-दोन तास जास्त लागतात. कुलूप लागलेलं घर वगळून शेजारचं घेऊ नये. कुलूप हीच माहिती आहे: कुणी कधी गेलं, कुठं गेलं, आणि मागं कुणाला ठेवून गेलं?

पाणवठ्यावरची पाहणी हे या सगळ्यातलं सर्वांत फसवं काम. ‘पाणी आटलं’ असं सगळे सांगतात आणि पथकही तसंच लिहून घेतं. मग टँकर मंजूर होतो. पण दुष्काळात हातपंपावर दिवसरात्र माणसं असतात, नेहमीच्या कितीतरी पट दांडा मारला जातो, आणि पाण्याची पातळी खाली जाण्याआधी पंपच हात टेकतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पंप तासभर कुणालाही वापरू द्यायचा नाही, मग दांडा मारत मोजायचं. खूप वेळ मारल्यावर पाणी येतं आणि एकदा आलं की नीट येत राहतं, असं असेल तर खालचा फूट व्हॉल्व्ह (वर आलेलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा उभ्या पाइपला भोक आहे. पाइपातलं पाणी मधल्या वेळात खाली उतरतं. पाणी लगेच येतं पण धार बारीक असेल, तर दट्ट्याचं वॉशर झिजलंय. दांडा अगदी हलका लागतो आणि पाणीच नाही, तर आतली सळई तुटली किंवा सुटली असावी. सुरुवातीला धार जोरात, काही बादल्यांनंतर ती तुटते आणि अर्ध्या-एक तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा येते, तेव्हाच म्हणावं की बोअरमधलं पाणी खरंच कमी झालंय. पहिल्या तिन्ही दोषांवर एक मिस्त्री, एक साहित्याची पेटी आणि सुटे भाग पुरतात. चौथ्याला पाइप वाढवून पंप खाली नेता येतो का ते पाहायचं, आणि नसेल जमत तर टँकर. गावोगाव टँकर पाठवण्याआधी हातपंपाचे मिस्त्री पाठवले, तर कित्येक टँकर वाचतील. पण टँकरचा फोटो निघतो, वॉशरचा निघत नाही, हेही खरं.

टँकर लागतोच अशा ठिकाणीही हिशेब कच्चा असतो. आणीबाणीत माणशी दिवसाला १५ लिटर हे सर्वमान्य किमान प्रमाण. २,००० लोकांच्या गावाला ३०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या तीन खेपा. एका टँकरला जाऊन-येऊन, भरून, तीन तास लागतात असं धरलं तर दिवसात तीन खेपा जमतात, असं कागदावर निघतं. यात रिकामं करण्याचा वेळ कुणी धरत नाही. टँकरला एकच तोटी असेल आणि ती मिनिटाला साडेसात लिटर देत असेल, तर १०,००० लिटर सोडायला बावीस तास लागतात. सहा तोट्या लावल्या तरी पावणेचार तास. मग तीन खेपांची एक होते आणि माणशी १५ चे ५ लिटर होतात. यावर उपाय स्वस्त आहे: गावात आधी टाकी. उंचवट्यावर मजबूत ओटा बांधायचा (भरलेल्या टाकीचं वजन दहा टनांहून जास्त होतं, नुसत्या मातीवर ती कलते), टाकीला तोट्यांचा स्टँड जोडायचा. टँकर मोठ्या पाइपानं वीस-पंचवीस मिनिटांत रिता होऊन परततो आणि बाया आपापल्या वेळेनं भरतात. प्रत्येक तोटीवर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत. या गावाला आठ तोट्या झाल्या. क्लोरीन टँकर भरतानाच टाकायचं, म्हणजे जंतू मरायला लागणारा अर्धा तास वाटेतच जातो. लिटरला दोन मिलिग्रॅम मात्रेसाठी १०,००० लिटरला ६५ टक्के ताकदीची सुमारे ३१ ग्रॅम पावडर, आधी बादलीत कालवून. पाणी गढूळ असेल तर हा हिशेब कोलमडतो, गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटीनं निवळावं लागतं. आणि तपासणी टँकरच्या झाकणाशी नाही, शेवटच्या तोटीवर: तिथं लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. जनावरांचं पाणी वेगळं धरायचं, मोठ्या जनावराला रोज २० ते ३० लिटर आणि शेळीमेंढीला ५. ते धरलं नाही, तर लोक स्वतःच्या वाट्यातलं पाणी जनावरांना पाजतात. माणूस तहानलेला का, हे मग अहवालात कुणाला समजत नाही.

हे पाहायला दुपारी अकरा ते तीन ही पथकांची लाडकी वेळ निरुपयोगी आहे. रांग पहाटे आणि रात्री असते. म्हणून आतल्या गावात मुक्काम हवा. मुक्कामाची पहिली अट अशी की पथकानं गावाच्या पाण्याला हात लावू नये. माणशी पाच लिटर पिण्याचं, वर स्वयंपाकाचं आणि गाडीच्या रेडिएटरचं पाणी सोबत न्यावं. पाहुण्यांना पाणी द्यायचं म्हणून एखाद्या घरातल्या बाईनं अर्धा हंडा ओतला, तर ती पाहणी गावाला महागात पडली. दोन जादा चाकं आणि परतीचं इंधन हे सांगायला नको. सांगायला हवं ते असं की शेवटचा टप्पा गाडीचा नसेल, तर खेचर, मोटरसायकल किंवा पाय यांचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

मुलांच्या दंडाची मापपट्टी हे आतल्या वस्त्यांसाठी सर्वांत उपयोगी साधन. वजनकाटा, उंचीची फळी वाहून न्यायला नको. सहा महिने ते पाच वर्षं वयाचं मूल, डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध खूण, हात सैल सोडलेला. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, उपचाराला लगेच पाठवायचं. ११५ ते १२५ च्या आत मध्यम. चूक बहुतेक दोन ठिकाणी होते: खूण न करता अंदाजानं मध्य धरतात, आणि पट्टी आवळतात. आवळली की माप कमी येतं आणि कुपोषितांचा आकडा फुगतो. त्याबरोबर दोन्ही पायांच्या पंजांवर अंगठा तीन सेकंद दाबायचा; दोन्हीकडे खड्डा राहिला तर दंड कितीही जाड असला तरी ते मूल गंभीर आहे. आणि जी मुलं चौकात आणली जातात तेवढीच मोजायची नाहीत. सर्वांत अशक्त मूल घरात झोपलेलं असतं.

रस्त्याचा पक्षपात वाटपापर्यंत पोचतो तेव्हा तो जीवघेणा होतो. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल या हिशेबानं पाच जणांच्या कुटुंबाचं महिन्याचं ओझं ७० किलोच्या पुढं जातं. ट्रक डांबरी रस्त्यावर थांबला आणि वस्ती पंधरा किलोमीटर आत असली, तर हे ओझं नेणार कोण? गाढव किंवा गाडी भाड्यानं घ्यायची आणि भाडं धान्यातूनच द्यायचं. ज्यांना तेही परवडत नाही, ते वाटपकेंद्राजवळ पाल टाकून राहतात. इथिओपियातल्या गोडे भागात २००० साली हे घडलं. मदत गोडे गावात मिळते म्हणून लोक तिथं गोळा झाले, गर्दीत गोवर पसरला आणि उपासमारीबरोबर गोवरानंही मुलं नेली. नंतरच्या पाहणीत आढळलं की नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश मोठी मदत सुरू होण्याआधीच झाले होते. म्हणजे मदत उशिरा आणि एकाच जागी, अशी दुहेरी चूक. गोवराची लस धान्याच्या पहिल्या ट्रकबरोबर गेलीच पाहिजे. ‘दुसऱ्या टप्प्यात’ नाही. आणि बाजार चालू असेल तर धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी, म्हणजे वाहतुकीची डोकेदुखी व्यापाऱ्यावर जाते. मात्र व्यापाऱ्यांना आधी विचारावं: मागणी दुप्पट झाली तर किती दिवसांत माल भराल? उत्तर डळमळीत असेल तर रोख रकमेनं भाव चढतील, बाकी काही होणार नाही.

पाऊस आला की पथकं परततात, हेही चेंबर्स यांच्या यादीतलं. पहिल्या पावसानंतर माळ हिरवा दिसतो आणि निधी देणाऱ्यांना वाटतं, सुटलो. खरं म्हणजे तेव्हा आतले रस्ते तुटतात, उघड्यावरची घाण पाणवठ्यात उतरते, जुलाब आणि मलेरिया वाढतो, अशक्त जनावरं गारठ्यानं मरतात आणि पीक हाती यायला अजून काही महिने असतात. आतल्या वस्त्यांत पावसाआधीच दोन-तीन महिन्यांचा साठा, क्षारसंजीवनी आणि क्लोरीन पोचवून ठेवणं याला पर्याय नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: माणसं मरत असताना चिठ्ठ्या टाकत बसायचं का? आक्षेप बरोबर वाटतो, कारण तो तातडीच्या बाजूनं बोलतो. पण उशीर पाहणीमुळं झाल्याची उदाहरणं शोधून पाहा. सोमालियात २०१० पासूनच इशारे दिले जात होते. दुर्भिक्षाची अधिकृत घोषणा २० जुलै २०११ ला झाली. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २,५८,००० माणसं नेहमीच्या मृत्यूंपेक्षा जास्त मेली असा अंदाज आहे, त्यात १,३३,००० मुलं पाच वर्षांखालची. आकड्यांची तिथं कमतरता नव्हती. पैसा हलायला चित्रं लागली आणि चित्रं यायला मृत्यू लागले. म्हणून तातडीची मदत पथकाच्या दौऱ्यावर अवलंबूनच ठेवू नये. केनियाच्या उत्तरेकडच्या चार जिल्ह्यांत कुटुंबांची नोंदणी आधीच करून ठेवली गेली आणि उपग्रहानं मोजलेली हिरवाई ठरावीक मर्यादेखाली गेली की जादा कुटुंबांच्या खात्यात रक्कम सोडण्याची व्यवस्था २०१५ पासून वापरात आली. कुणी पाहायला यावं लागत नाही. अशी व्यवस्था असेल तर पथकाला घाई उरत नाही, आणि उपग्रहाला न दिसणारं, म्हणजे तुटलेला पंप, कुलूपबंद घर, घरात पडून असलेलं मूल, ते पाहायला ते मोकळं होतं.

दुसरा मार्ग याहून जुना आहे. महाराष्ट्रात १९७२–७३ च्या दुष्काळात ठिकठिकाणी सरकारी कामं उघडली गेली आणि मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं त्यांवर होती. कोण गरजू हे कुणी दारोदार ठरवत बसलं नाही. ज्याला गरज तो कामावर आला. बाहेरच्या माणसाच्या नजरेवरचं अवलंबित्व त्यानं बरंच कमी झालं. तरी काम घरापासून किती दूर, हा प्रश्न तिथंही होताच, आणि खडी फोडू न शकणारे म्हातारे, आजारी, बाळंतीण अशांसाठी घरपोच मदत लागतेच. त्यांना शोधायला शेवटी चालावंच लागतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. दक्षिण सोमालियात २०११ मध्ये अडचण डांबराची नव्हती, बंदुकीची होती. अंधार पडायच्या आत तळावर परत, हा नियम अनेक ठिकाणी रास्तच असतो. अशा वेळी त्या भागातलीच शिकलेली मुलंमुली माहिती गोळा करायला नेमावीत, त्यांना मापपट्टी आणि पंप तपासायची रीत दोन दिवसांत शिकवता येते. त्यांना मानधन मात्र बाहेरच्यांइतकंच सन्मानाचं द्यावं. धोका त्यांच्या वाट्याला आणि भत्ता आपल्या, असं नको. पण जिथं धोका नाही, फक्त कंबर मोडणारा रस्ता आहे, तिथंही हाच नियम पुढं केला जातो. त्याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

प्रत्येक पाहणी अहवालाच्या पहिल्या पानावर न पाहिलेल्या वस्त्यांचा तक्ता असावा: नाव, अंदाजे लोकसंख्या, बारमाही रस्त्यापासूनचा वेळ, न पोचण्याचं कारण. नकाशावर हा भाग कोरा सोडू नये, कारण कोऱ्या जागेचा अर्थ वाचणारा ‘ठीक आहे’ असा लावतो. शेजारच्या पाहिलेल्या गावापेक्षा एक पायरी वाईट, असं तो भाग उलट पुरावा मिळेपर्यंत धरावा आणि साठ्याची तरतूदही तशीच करावी. काही ठिकाणी त्यामुळं चार पोती जास्त जातील, ती चालतील. निधी देणाऱ्यांनी पहिला हप्ता सोडण्याआधी हा तक्ता मागावा, आणि खेचरांचं भाडं, आतले मुक्काम, स्थानिक मुलांचं मानधन हा खर्च ‘प्रशासकीय’ रकान्यात टाकून कापणं थांबवावं.